ओटा म्हणायचं नाही

पेठेतला रस्ता रुंद करायचं ठरलं, तेव्हा कुठे आम्हाला कळलं की आमची पेठ अरुंद आहे. तोवर आम्ही आपले अडाण्यासारखे सुखात होतो. समोरच्या सोनारकाकूंना मिरच्या हव्या असल्या की त्या त्यांच्या दारातून पदर पुढे धरायच्या, आई आमच्या दारातून मिरच्या फेकायची, आणि मिरची सहसा खाली पडायची नाही. बैलगाडी आली की दोन्ही बाजूंना बसलेली माणसं पाय वर घ्यायची, गाडी गेली की पाय खाली सोडायची, आणि मधल्या वेळात बोलणं काही थांबायचं नाही. याला वाहतुकीची कोंडी म्हणतात, हे आम्हाला पुढे सुधार समितीने शिकवलं. किती म्हणून उपकार मानावेत त्यांचे!

कर्जतच्या त्या जुन्या पेठेत आमचं घर म्हणजे पुढे भट्टी आणि मागे आम्ही. भट्टी कुरमुऱ्यांची. गिरणीतून भाताचा तूस आणायचा, तो भट्टीच्या तोंडात सारायचा, वर लोखंडी कढईत काळी वाळू तापत ठेवायची. मिठाचं पाणी लावून वाळवलेले तांदूळ माझी आत्या मुठीने त्या वाळूत टाकायची आणि झाऱ्याने असे काही फिरवायची की आधी सळसळ, मग तडतड, आणि मग एकदम गप्प. ते गप्प झालं की क्षणात चाळणीत ओतायचं. जरा इकडे तिकडे झालं की कुरमुरा तरी कच्चा, नाहीतर काळा. आमच्या घरात घड्याळ नव्हतं असं नाही, भिंतीवर होतं एक, पण आम्ही उठायचो ते त्या सळसळीवर. आणि मधूनमधून स्टेशनाकडून इंजिनाची शिट्टी. घाट चढायला गाडीला मागून इंजिन जोडायचे, ते पुढच्या इंजिनाला शिट्टीने सांगायचं, की मी आलोय. पुढचं म्हणायचं, बरं. हा संवाद आम्ही दिवसभर ऐकायचो, त्यामुळे असेल, आमच्या पेठेतल्या माणसांना एकमेकांना हाक मारल्याशिवाय काही करताच यायचं नाही.

भट्टीचं तोंड होतं आमच्या ओट्यावर. ओटा म्हणजे काळ्या दगडाचा, छपराच्या सावलीतला, खाट टाकून वर दोन माणसं सहज बसतील एवढा रुंद. बसून बसून त्याच्या कडा अशा गुळगुळीत झालेल्या की नवं लुगडं नेसून बसलेली बाई हळूहळू रस्त्याकडे सरकायला लागायची. एका कोपऱ्यात आत्या आणि तिची कढई. दुसऱ्या कोपऱ्यात चांगुणा. ही ठाकर समाजाची बाई ठाकुरवाडीहून गाडीने यायची, करवंदं, पानं, रानातल्या भाज्या घेऊन. आत्याचं आणि तिचं नातं काय म्हणाल, तर दिवसभर एकमेकींशी भांडणं. एक दिवस चांगुणा आली नाही की आत्याला कढई आवरायची नाही.

संध्याकाळी भट्टी विझत आली की पेठेतली वांगी यायची. तुसाच्या राखेत वांगं पुरून ठेवलं की त्याचं जे भरीत होतं, त्याची सर गॅसवर भाजलेल्या वांग्याला नाही. माझी सून म्हणते, आई, तुमची जीभच तशी आहे. असेल. पण मग राखच हवी असते जिभेला, त्याला काय करायचं? तर प्रत्येक घराने आपल्या वांग्याच्या देठावर आपली खूण करून पाठवायची. कोणी देठ तिरका कापायचं, कोणी दोरा बांधायचं, सोनारकाकू लवंग टोचायच्या. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण वांगी ती बरोबर वाचायची. कोणाच्या घरातून दोन वांगी आली म्हणजे पाहुणे आहेत, कोणाचं आलंच नाही म्हणजे भांडण झालंय, हे तिला राख उकरताना कळायचं आणि अंधार पडायच्या आत पेठेला कळायचं.

वाचायला मी मात्र शिकले, आणि ती याच ओट्यावर. शाळेशी माझं फार जमलं नाही. शाळेचंही माझ्याशी जमलं नाही. पण पुड्या बांधायला रद्दी यायची ना घरात. पुडी वळण्याआधी मी कागद वाचून घ्यायची. त्यामुळे मला जगातल्या पुष्कळ गोष्टी अर्ध्या अर्ध्या माहीत आहेत. पुढचा अर्धा भाग कोणाच्या तरी पुडीत गेला.

आणखी एक सांगायला हवं, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. कर्जत म्हणजे घाटाचा पायथा. मुंबईकडचा माणूस आला की तो म्हणणार कुरमुरे. घाटावरून उतरलेला म्हणणार चुरमुरे. आत्या माणसाचं तोंड बघून ठरवायची. पटक्याला चुरमुरे, टोपीला कुरमुरे, आणि कोणी नुसतंच बोट दाखवलं तर "घ्या, गरम हायत." एका वस्तूला दोन नावं, यात आम्हाला काही वावगं वाटायचं नाही. उलट माणूस पाहून नाव बदलणं ही आमच्याकडे रीतच होती. आणि या रीतीनेच आमचा घात केला.

सुधारणा आणली अप्पासाहेबांनी. त्यांचं पेठेच्या तोंडाशी कापडाचं दुकान होतं आणि ते सुधार समितीचे अध्यक्ष होते. आधी कोण झालं, समिती की अध्यक्ष, ते मला अजून नीट कळलेलं नाही. ते अलिबागला, जिल्ह्याच्या कचेरीत जाऊन आले आणि त्यांनी चावडीत एक मोठं रंगीत चित्र लावलं. चित्रात रुंद रस्ता, दोन्हीकडे सारखी झाडं, एक पांढरी इमारत आणि तिच्यावर मोठ्या अक्षरात 'मार्केट'. रस्त्यात एक मोटार, आणि छत्री घेतलेली एक बाई. तिला तोंड नव्हतं. सगळी पेठ ते चित्र बघून आली. बाबा दोनदा जाऊन आले. आईने विचारलं, "काय बघून आलात एवढं?"

बाबा म्हणाले, "आपलं घर कुठं दिसतंय का, ते बघत होतो."

"मग?"

"घराच्या जागी झाड आहे. पण चांगलं आहे झाड."

आत्या कढईसमोरून ओरडली, "त्या झाडाला कुरमुरे लागनार हायत का रं, बाळू?" बाळू म्हणजे माझे बाबा. आत्या त्यांची मोठी बहीण. पोशीरला दिलेली, लवकर विधवा होऊन माहेरी परतलेली. आली ती येताना कढई घेऊनच आली, असं आई म्हणायची. भट्टी तिची, हात तिचा, धंदा तिचा. बाबा हिशेबाला आणि मोठेपणाला. हे बाबांनाही माहीत होतं, म्हणून घरात ते फारसं मोठ्याने बोलत नसत. ओटा गेला तर भट्टी जाणार आणि भट्टी गेली तर आत्याला करायला काही उरणार नाही, हे मात्र आम्हा सगळ्यांना न बोलता कळलेलं.

मग अप्पासाहेबांनी पेठेला चावडीत गोळा केलं आणि गुपित सांगितलं. गुपित सांगायला लाऊडस्पीकर लावला नव्हता एवढंच. म्हणाले, "मंडळी, नियम असा आहे. रस्त्यावर आलेले ओटे जाणार. पण पायऱ्या राहणार. घरात शिरायला पायरी लागते की नाही? सरकारलाही लागते. आता साहेब मोजणीला येतील, विचारतील हे काय. काय म्हणायचं?"

"पायरी!" सगळे म्हणाले.

"आणि काय म्हणायचं नाही?"

या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही, कारण ते म्हणायचंच नव्हतं. एवढे आम्ही हुशार.

बाबा घरी आले ते खुशीत. "साधी गोष्ट आहे, अक्का. नाव बदलायचं. कुरमुरे-चुरमुरे करतेस ना, तसं."

आत्या म्हणाली, "तसं कसं? इकायच्या मालाचं नाव गिऱ्हाइकानं ठेवावं. बसायच्या जागंचं नाव मातर आपलं आसतं."

"अगं, पण साहेब हे गिऱ्हाईकच समज."

"मंग त्याला इकायला काढलाय का ओटा?"

"पायरी!" बाबा ओरडले.

तिथून जे सुरू झालं ते आठवलं की मला या वयात एकटीला हसू येतं, आणि नातवंडं एकमेकांकडे बघतात. सगळ्या पेठेने जिभेला वळण लावायला घेतलं. "पायरीवर वाळत घातलेलं उचल गं." "पायरीवर गादी टाक, मामा आलेत." शेजारचे आजोबा रोज दुपारी पायरीवर झोपायला लागले. आमच्या आईने तर स्वयंपाकघरातल्या ओट्यालाही पायरी म्हणायला सुरुवात केली, न जाणो, साहेब पाणी प्यायला आत आला तर! "सुमे, पायरीवर दूध ठेवलंय, मांजर बघ." मी उंबऱ्यापर्यंत धावत गेले, आणि मांजराने दूध आत निवांत संपवलं. सोनारकाकूंच्या लेकीचं डोहाळजेवण त्याच दिवसांत आलं. ओटी भरायची वेळ झाली, सगळ्या बायका तांदळाचं ताट घेऊन उभ्या, आणि कोणाच्या तोंडातून शब्द फुटेना. ओटी नि ओटा, म्हणजे फार जवळचे हो. शेवटी काकूंच्या सासूबाई हळू आवाजात म्हणाल्या, "चला गं बायांनो, पोरीची पायरी भरा." ती पोरगी पुढे मुलगा झाल्यावरही हे विसरली नाही.

फक्त आत्याची जीभ वळेना. "बस ओट्यावर" हे तिच्या तोंडात श्वासासारखं होतं. गिऱ्हाईक आलं की "बसा वट्यावर", चांगुणा आली की "आली का गं बया, टेक वट्यावर". बाबा डोळे वटारायचे, आई खोकायची. मग आत्या म्हणायची, "वट्यावर नाय, पायरीवर," आणि दोन्ही शब्द एकदम ऐकून गिऱ्हाईक उभंच राहायचं. चांगुणा म्हणाली, "ये आक्का, मी नक्की बसू कुटं?" आत्या म्हणाली, "माज्या डोस्क्यावर." अप्पासाहेब स्वतः येऊन सांगून गेले, की मोजणीच्या दिवशी बाईंना आत ठेवा. एका शब्दापायी सगळ्या पेठेचं बिंग फुटायचं.

मोजणीचा दिवस उजाडला तो बाजाराचा. साहेब आले. नगरकडचे होते, उन्हाने रापलेले, बोलायला मऊ. दोन माणसं फीत धरणारी, आणि बरोबर अप्पासाहेब, कपाळाला गंध, खांद्यावर उपरणं, जसं काही त्यांच्याच घरी कार्य. साहेब एकेका दारात थांबत, फीत लावायला सांगत, विचारत, "हे काय?" आणि घरातला माणूस छाती काढून म्हणे, "पायरी." दर दारात साहेबांचा चेहरा थोडा आणखी पडत होता. आम्हाला वाटलं, हरतोय बिचारा.

आमच्या दारात आले तेव्हा आत्या कढईसमोर होती. तिला आत ठेवायचं म्हणे! भट्टी काय तिच्याशिवाय पेटणार होती? बाबांनी विचारायच्या आधीच सांगून टाकलं, "पायरी आहे, साहेब."

साहेबांनी त्या पायरीकडे पाहिलं. तिच्यावर एक भट्टी होती, एक कढई, तुसाच्या गोणी, कुरमुऱ्यांचे दोन डबे, आत्या, चांगुणा, चांगुणेच्या टोपल्या, मी आणि एक झोपलेलं कुत्रं. "मोठी आहे पायरी," ते म्हणाले.

आत्याने पुडी बांधून त्यांच्या हातात दिली. "घ्या, चुरमुरे. गरम हायत." नगरचा माणूस तिने बरोबर ओळखला होता. साहेबांनी चार दाणे तोंडात टाकले, आणि का कोण जाणे, त्यांना बरं वाटलं असावं. घरच्यासारखं म्हणाले, "बाई, आमच्याकडे असल्याला ओटा म्हणतात. दगडी, छपराखाली, वर धंदा चालतो, म्हणजे ओटाच. तुमच्याकडे काय म्हणतात?"

अप्पासाहेब पुढे सरकले. "साहेब, सांगितलं ना त्यांनी—"

"मी बाईंना विचारतोय." साहेबांनी फितीवाल्याला थांबायची खूण केली. "बाई, घाई नाही. नीट आठवून सांगा. हा ओटा आहे, की पायरी?"

मी आज इतक्या वर्षांनी सांगते, त्या माणसाने याहून जास्त काय करायला हवं होतं? शेजारी अध्यक्ष उभे असताना सरकारी माणूस दार जेवढं उघडू शकतो, तेवढं त्याने उघडलं होतं. पण आमची सगळी पेठ श्वास धरून उभी होती ती वेगळ्याच भीतीने. सगळ्यांना आत्याची जीभ माहीत होती. बाबांनी डोळे मिटले. आईने मला चिमटा काढला, मी काय केलं होतं देव जाणे. आत्याने एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा हाताखालच्या दगडावर पंजा फिरवला, आणि खणखणीत आवाजात म्हणाली,

"पायरी हाय, सायेब. पैल्यापास्नं पायरीच."

काय तो सुस्कारा! सोनारकाकूंनी समोरून बोटं मोडून आत्याची दृष्ट काढली. अप्पासाहेब म्हणाले, "शाब्बास!" साहेबांनी पुडीचं तोंड दुमडलं, खिशात ठेवली, आणि लिहायला सांगितलं. जाताना ते एकदा मागे वळले होते, हे मला पक्कं आठवतं. त्या दिवशी बाबांनी जिलबी आणली. पेठेत बऱ्याच घरांत आली होती. आत्या नव्या नवरीसारखी लाजत जिलबी खात होती आणि येईल त्याला सांगत होती, "आवो, निस्तं ओठावर आलं व्हतं. गिळलं, आन पायरी काढली."

नियम आम्हाला पूर्ण कळला तो ओटे पाडायला माणसं आली तेव्हा. पुढचा अर्धा भाग, नेहमीसारखा, दुसऱ्याच्या पुडीत होता. पायऱ्या राहणार होत्या, ते खरंच होतं. पण सरकारी पायरी वीतभर रुंदीची. त्यापुढचा दगड म्हणजे रस्त्यातला अडथळा, तो उचलायचा. आणि ओटा ज्याचा, त्याचं ते बांधकाम. बांधकाम गेलं तर त्याला नव्या मार्केटात गाळा. बाबा धावत कचेरीत गेले. तिथला कारकून म्हणाला, "पायरीला गाळा कसा देणार हो? उद्या उंबऱ्याला बंगला मागाल." बाबांनी विचारलं, मग गाळे मिळाले कोणाला? कळलं की पेठेत एका माणसाने साहेबांना घरी चहाला बसवून आपला ओटा हा ओटाच असल्याचं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. मार्केटातला कोपऱ्यावरचा गाळा त्यांना मिळाला. समितीचे अध्यक्ष असून खोटं बोलले नाहीत, याचं कौतुकच करायला हवं.

बाबा त्यांच्या दुकानात जाऊन भांडले. अप्पासाहेब शांतपणे म्हणाले, "अरे, मी तुम्हाला काय सांगितलं होतं? पायरी म्हटलं की पायरी राहील. राहिली की नाही?" बाबा घरी परतले. पायरी राहिली होती. आमच्या दारात अजूनही होती, एक पाऊल मावेल एवढी. आडवं.

पहारी लागल्या तेव्हा आत्या ओरडली नाही, रडली नाही. कढईतली वाळू तेवढी तिने गोणीत भरून घेतली. भट्टीला जुनी वाळू लागते, नवीला वास येतो. दगड उलटले तर खालून माझ्या खेळातल्या हरवलेल्या बिट्ट्या निघाल्या, एक फणी निघाली, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे सांडलेले कुरमुरे मुंग्यांनी नीट रचून ठेवलेले निघाले. मग आत्या त्या वीतभर पायरीवर बसली, अर्धी घरात, अर्धी रस्त्यात. टेंपो आला की पाय वर घ्यायला जागाच नव्हती, ती उभी राहायची. आई म्हणाली, "वन्सं, आत या." आत्या म्हणाली, "वैनी, मला जल्मात येकच शबूद सुदारायला सांगितला. आन मी तो सुदारला गं." आईचं बोलणं त्या दिवसापासून कमीच झालं.

भट्टी मागच्या परसात गेली. धूर होतो म्हणून शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या, तेच शेजारी, ज्यांची वांगी आम्ही भाजली. पण वांगी तरी आता कशी येणार? पुढून मागे यायला गल्लीच नव्हती. आत्या थोडे कुरमुरे भाजायची, पाटीत भरायची आणि बसायला जागा शोधत पेठभर फिरायची. रस्ता छान रुंद झाला होता. आता समोरच्या काकूंशी बोलायचं तर ओरडावं लागायचं, आणि मिरच्या फेकल्या तर रस्त्यात पडायच्या.

मार्केट बांधून झालं. चित्रातल्यासारखंच पांढरं, फक्त झाडं नव्हती. समोर इमारतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रुंद रुंद पायऱ्या, गुळगुळीत, थंड. उद्घाटनाला मोठे पाहुणे येणार म्हणून पताका लावलेल्या. सगळी पेठ जमलेली, गाळा नसलेलीच जास्त. आणि फीत कापायच्या आधी, सगळ्यांच्या देखत, आत्या आपली पाटी घेऊन आली, अप्पासाहेबांच्या कोपऱ्यातल्या गाळ्यासमोर सगळ्यात वरच्या पायरीवर पदर झटकून बसली आणि चांगुणेला म्हणाली, "टेक गं बया."

अप्पासाहेब धावले. "बाई, अहो उठा! पाहुणे येतायत. इथं बसता येत नाही. बोर्ड लावलाय, वाचा!"

"मला कुटं येतंय वाचाया. सुमे, वाच गं."

मी भिंतीवरचा बोर्ड मोठ्याने वाचला: "ओट्यावर बसून विक्री करण्यास सक्त मनाई आहे." ज्यांनी आमच्या पेठेच्या तोंडातून तो शब्द काढून टाकला, त्यांनीच तो आता तेलरंगात लिहिला होता. सापडला एकदाचा, असं वाटलं मला.

आत्याने पायरीवर पंजा फिरवला, तसाच, त्या दिवशीसारखा. "ओट्यावर मनाई हाय ना? मंग बराबर हाय. ह्यो ओटा कुटं हाय, अप्पा? ही पायरी हाय. पैल्यापास्नं पायरीच."

कोणीतरी मागे हसलं. मग सगळी पेठ हसली. अप्पासाहेब लाल झाले आणि साहेबांकडे वळले. तेच नगरचे साहेब, उद्घाटनासाठी बोलावलेले. "साहेब, तुम्ही सांगा यांना!"

साहेबांनी पायऱ्यांकडे पाहिलं, आत्याकडे पाहिलं. त्यांचा आवाज अजूनही मऊच होता. "मंजूर नकाशात इथं पायरीच लिहिलंय, अप्पासाहेब." मग त्यांनी हात पुढे केला. "बाई, चुरमुरे आहेत का?"

"गरम नायत," आत्या म्हणाली. "भट्टी लांब गेली ना. पन घ्या."

ती पुढे शेवटच्या आजारपणापर्यंत तिथेच बसली. चांगुणा बाजूला, मग भाजीवाल्या आल्या, फुलवाली आली, सोनारकाकूंच्या लेकीने तर पापडांची टोपली आणली. गाळ्यांत कोणी शिरेना. दारातच सगळं मिळत असताना आत कोण जाईल? अप्पासाहेबांना आपल्या गाळ्यात जाताना रोज आत्याला म्हणावं लागे, "बाई, जरा वाट द्या." आणि आत्या पाय वर घ्यायची. ते गेले की खाली सोडायची. आता त्या गाळ्यांची बहुतेक गोदामं झालीत, वरून पाणी गळतं, आणि बाजार भरतो तो पायऱ्यांवर. आमच्याकडची तरणी पोरं बसायच्या कुठल्याही जागेला पायरीच म्हणतात. बाकाला, कठड्याला, मोटरसायकलच्या सीटलासुद्धा. कोणी शिकवलं, हे त्यांना ठाऊक नाही.

परवा मी भाजीला गेले होते, गुडघे दुखले म्हणून त्याच वरच्या पायरीवर टेकले. एक मुलगा आला, गळ्यात ओळखपत्र, हातात मोबाईल. म्हणाला, आजी, मार्केट पाडून नवीन होणार आहे, मोठं, लिफ्टचं. सर्व्हे चाललाय. मोबाईलमध्ये काहीतरी उघडलं आणि माझ्या बुडाखालच्या दगडाकडे बोट दाखवून अगदी अदबीने विचारलं, "आजी, याला तुम्ही लोक काय म्हणता?"

मी त्याला बाजूला बसवलं. म्हटलं, "बाळा, आधी तू सांग. यंदा काय म्हणायचं ठरलंय?"